घरातलं कासव तळ्यात सोडावं का?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारणं मागाहून: नका सोडू. पुण्याच्या पाषाण तलावात नको, गावाकडच्या नदीत नको आणि देवळाच्या कुंडातही नको.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सहा-सात वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी दुकानातून दहाच्या नाण्याएवढं हिरवं कासव आणलं. आता ते जेवणाच्या ताटलीएवढं झालंय आणि मुलगा शिकायला बाहेरगावी गेलाय. पाणी दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, घरात वास येतो. गेले काही आठवडे कासव दिवसभर काचेवर पाय मारत राहतं, खातही कमी. ते बघून तुम्हाला वाटतं, आपण एका जिवाला कोंडून घातलंय. सासूबाई म्हणतात, देवळाच्या कुंडात सोडा, पुण्य लागेल. आणि पाषाण तलाव तर घरापासून जवळच आहे.

मी पशुवैद्य आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग कासवांचाच आहे. कासव सोडायला निघालेली माणसं निर्दयी नसतात. बहुतेकांना त्या जिवाची कणवच आलेली असते, म्हणून तर ती विचारायला येतात. तुमची कणवही खरी आहे. फक्त ती योग्य जागी लागली पाहिजे.

आधी तुमचं कासव कोणतं ते ठरवू. डोळ्याच्या मागे लाल पट्टा, हिरव्या कातडीवर पिवळ्या रेघा, पोटाची ढाल पिवळी आणि तिच्यावर गडद ठिपके, असं वर्णन तुम्ही दिलंय. म्हणजे हे रेड इअर स्लायडर, लाल कानाचं कासव. याचं मूळ घर अमेरिकेच्या दक्षिणेकडचं मिसिसिपी नदीचं खोरं आणि मेक्सिकोचा उत्तर भाग. तिथल्या शेततळ्यांमध्ये हजारोंनी पिल्लं वाढवतात आणि जगभर पाठवतात. आपल्याकडे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या मत्स्यालयाच्या दुकानापर्यंत प्लास्टिकच्या ताडाच्या झाडासकट जे पिल्लू मिळतं, ते बहुधा हेच. ते केवढं होणार आणि किती वर्षं जगणार, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. नर पंधरा ते वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, मादी २५ ते ३० पर्यंत. नीट ठेवलं तर वीस-तीस वर्षं सहज काढतं, त्याहून जास्तही जगतं.

ताटलीएवढं म्हणजे तुमच्याकडे मादी आहे, हे मी फोटो न बघताही बऱ्यापैकी खात्रीने म्हणेन. समोरच्या पायांची नखं आखूड आणि शेपूट बारीक, लहान असेल तर शंकाच नको, कारण नराची नखं चांगली लांब असतात. आणि मादी असेल तर काचेवर पाय मारण्याचा अर्थ वेगळा निघतो. या वयाच्या मादीच्या पोटात अंडी तयार होतात, मग तिने आयुष्यात नर पाहिलेला असो वा नसो. अंडी घालायला तिला ओली माती लागते, आणि काचेच्या टाकीत माती नाही. म्हणून ती अस्वस्थ होते, खाणं कमी करते, मागचे पाय काचेवर घासत राहते. तुम्हाला वाटतंय तिला तळ्याची ओढ लागलीय. तिला हवी आहे पायाखाली खणता येईल अशी जागा. एखाद्या आठवड्यात हे थांबलं नाही किंवा तिने खाणं पूर्ण सोडलं, तर कासवांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून एक्स-रे काढून घ्या. अडकलेली अंडी जिवावर बेततात. वेळेत आणलं तर कॅल्शियम आणि इंजेक्शनने बहुतेकदा काम भागतं, उशीर झाला तर शस्त्रक्रिया करावी लागते.

आता सोडलं तर काय होईल ते बघू. दोन शक्यता आहेत, आणि दोन्ही वाईट आहेत.

पहिली शक्यता अशी की ते जगणार नाही. घरात वाढलेल्या कासवांची हाडं आणि पाठ मी रोज बघते. उन्हासारखे अतिनील किरण देणारा यूव्हीबी दिवा नाही, ऊन खिडकीच्या काचेतून येणारं, आणि काच ते उपयोगाचे किरण अडवते. खाण्यात फक्त सुकी कोळंबी, नाहीतर पोळीचे तुकडे. अशा कासवाची पाठ मऊ पडते, वेडीवाकडी वाढते, डोळे सुजून बंद होतात, फुप्फुसांत संसर्ग होऊन ते पाण्यावर एका बाजूला कलतं. घरात हे सगळं सावकाश चालतं, कारण अन्न समोर येतं आणि शत्रू कुणी नसतो. तळ्यात तसं नाही. शिवाय कासव एका दिवसात मरत नाही. शरीराची गती संथ असल्यामुळे ते उपाशीपोटी महिनोन्‌महिने काढतं. सोडणाऱ्याला वाटतं ते पोहत गेलं, सुखी झालं. पुढचं बघायला तिथे कुणी नसतं. माणसाला न घाबरणारं कासव काठाकडे येतं, हातात घ्यायला मिळतं, कुत्र्यांच्या तोंडी लागतं, गळाला लागतं.

दुसरी शक्यता ही की ते जगेल. धडधाकट लाल कानाचं कासव फार चिवट असतं. सांडपाणी मिसळलेलं तळं त्याला चालतं, आपला उन्हाळा चालतो, बेडकाची पिल्लं, गोगलगायी, मासे, किडे, पाणवनस्पती, काहीही चालतं. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली, तिच्यात याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच याची आयात बंद केली. जपानमध्ये तर घरोघरी ही कासवं इतकी झाली होती की पाळण्यावर बंदी घालणं धोक्याचं ठरलं असतं, घाबरून लोकांनी ती रातोरात नद्यांत सोडली असती. म्हणून तिथे १ जून २०२३ पासून पाळायला मोकळीक ठेवली आणि विक्री व सोडणं यांवर बंदी घातली. मला हा विचार फार योग्य वाटतो. ज्याच्या घरात आहे त्याने ते मरेपर्यंत सांभाळावं, आणि नवं कासव बाजारात येऊ नये.

पाषाण तलावाचंच उदाहरण घ्या. जलपर्णी काढायला तिथे दर थोड्या दिवसांनी यंत्रं लावावी लागतात, हे तुम्ही राहता तिथून दिसतच असेल. ती जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेची वनस्पती म्हणून भारतात आली. फुलं सुंदर म्हणून कुणीतरी ती आणली, आणि आज महाराष्ट्रात क्वचितच एखादी नदी तिच्यापासून सुटली असेल. लाल कानाचं कासवही शोभेचं म्हणूनच आलंय.

आपल्या तळ्यांत आणि नद्यांत मुळात कासवं आहेत, हे शहरात राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं. पाठ मऊ, नाक डुकरासारखं पुढे आलेलं आणि पोटाखाली पाय झाकणारे पडदे, हे आपलं नेहमीचं तळ्यातलं कासव. पाठीवर तीन उंचवटे असलेलं काळं कासव ओढ्यांत आणि विहिरींत सापडतं. आणि एक मोठं मऊ पाठीचं कासव आहे, लीथचं कासव. १८७२ साली या जातीचं शास्त्रीय वर्णन झालं ते पुण्याहून गेलेल्या नमुन्यावरून. दख्खनच्या नद्यांचं हे खास आपलं कासव आज अतिसंकटग्रस्त आहे. २०२२ मध्ये भारतानेच प्रस्ताव मांडला आणि त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत जागा मिळाली. वाळूउपसा, धरणं, प्रदूषण, मांसासाठी होणारी शिकार यांतून जी थोडी कासवं उरली आहेत, त्यांच्यात आपण आणखी एक दांडगा भिडू सोडायचा का, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

भिडू म्हणते, कारण भांडण जागेचं असतं. कासवाला उन्हात बसावंच लागतं. अंग तापल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही, रोगाशी झुंजता येत नाही. तळ्यात ऊन खायला ओंडके आणि दगड मोजकेच असतात. फ्रान्समध्ये संशोधकांनी तिथली देशी कासवं आणि लाल कानाची कासवं एकाच तळ्यात ठेवून बघितलं. चांगल्या जागा लाल कानाच्या कासवांनी बळकावल्या, देशी कासवांचं वजन घटलं आणि ती जास्त मेली. 

रोगाचं तर त्याहून अवघड आहे, कारण तो दिसत नाही. दुकानातल्या टबात निरनिराळ्या ठिकाणची कासवं एकावर एक चढलेली असतात. तिथे लागलेले जंतू कासव वर्षानुवर्षं अंगावर वागवतं आणि वरून ठणठणीत दिसतं. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातल्या कासवांमध्ये श्वसनमार्गाचा रोग पसरला. १९९० मध्ये ती कासवं संकटग्रस्त ठरली, त्यामागे हा रोग हे एक कारण होतं, आणि तो पसरण्यात लोकांनी सोडून दिलेल्या पाळीव कासवांचा हात असावा असं तिथल्या अभ्यासकांना वाटतं. तुमच्या कासवाला आज काही झालेलं नाही, एवढ्यावरून ते तळ्यासाठी निर्धोक ठरत नाही.

‘एकच तर आहे, एकाने काय होणार’, हे मी नेहमी ऐकते. एकट्या मादीच्याही बाबतीत हे खरं नाही. कधीकाळी नराशी संबंध आला असेल तर मादी ते वीर्य साठवून ठेवते आणि बऱ्याच काळानंतरही फलित अंडी घालते. एका वेळी दहा-बारा अंडी, हंगामात एकापेक्षा जास्त वेळा. आणि तुमच्यासारखाच विचार केलेल्या दुसऱ्या कुणी त्याच तळ्यात आपला नर सोडलेला असतो.

सासूबाईंना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात तोच विषय अडेल असं वाटतं. महादेवाच्या देवळात नंदीजवळ जमिनीवर कोरलेल्या कासवाला हात लावूनच आपण आत जातो. कूर्मावतार आपला आहे. त्या श्रद्धेला धक्का न लावता सांगता येतं: देवळाच्या कुंडात आधीची कासवं असतील तर नवं त्यांच्या तोंडचं अन्न काढून घेणार, नसतील तर उतरत्या पायऱ्यांच्या दगडी कुंडात त्याला अंडी घालायला माती नाही, खायला भाविकांनी टाकलेले बत्तासे आणि मुरमुरे. त्या पाण्यात ते पुढची पंचवीस वर्षं काढणार, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मरणार. सांभाळायचं पुण्य सोडण्यापेक्षा मोठं आहे, असं त्यांच्याच भाषेत बोलून बघा. माझ्या अनुभवात वडीलधारी माणसं हे आपल्यापेक्षा लवकर समजतात.

कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात सोडतानाचे फोटो आपण सगळे बघतो आणि ‘कासव सोडणं’ म्हणजे तेच, असं मनात बसतं. ती पिल्लं त्याच वाळूतल्या अंड्यांतून निघालेली असतात आणि काही तासांत आपल्याच समुद्रात जातात. माणसाच्या घरात ती एक दिवसही वाढलेली नसतात.

आता समजा तुमचं नव्हे, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरातलं कासव देशी निघालं. पाठीवर चांदणीसारखी नक्षी, घुमटासारखी उंच पाठ आणि हत्तीसारखे पाय असतील, तर ते भारतीय तारा कासव. ते जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही. कासव म्हणजे पाणी, एवढ्या समजुतीवर लोक त्याला नदीत सोडतात आणि ते बुडून मरतं. हे फार वेळा होतं, म्हणून जोर देऊन सांगते. त्याला डोंगरावर नेऊन सोडणंही चूक. त्याची नैसर्गिक वस्ती मुख्यतः गुजरात-राजस्थानात आणि दक्षिणेकडे आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकाच्या कोरड्या भागात आहे. दोन्हीकडच्या कासवांची आनुवंशिक घडण वेगळी आहे. कुठलं कुठे जायचं, हे तपासणीशिवाय ठरत नाही.

देशी कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे. तारा कासव आणि मऊ पाठीचं तळ्यातलं कासव दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. घाबरलेली माणसंच रात्री पिशवी घेऊन नदीवर जातात. त्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, कासव कुठून आणि कधी आलं ते खरं सांगा, लेखी द्या आणि पोच घ्या. अशा प्राण्यांसाठी उपचार केंद्रं आहेत, नागपूरला सेमिनरी हिल्सला आहे, पुण्यात बावधनला आहे. तिथे तपासणी होते, विलगीकरण होतं, आणि मग ते परत जाऊ शकतं का, कुठे जाऊ शकतं, हे ठरतं. देशी कासव परत जायला हवं, यात दुमत नाहीच. पण ते तुमच्या-माझ्या हातून, रविवारी सकाळी, जवळचं पाणी बघून नव्हे.

पावसाळ्यात रस्त्यावर चालत आलेलं कासव मात्र वेगळं. ते पाळीव नाही, ते आपल्या वाटेने निघालंय. ज्या दिशेला तोंड होतं त्याच बाजूला रस्त्याच्या कडेला ठेवा आणि पुढे जा. घरी आणू नका. विहीर उपसताना सापडलेलं कासव दिसलं तरी वन विभागालाच कळवा. गावोगावी पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासवं सोडायची पद्धत आहे, पण सरळ कठड्याच्या विहिरीतून त्याला पुन्हा कधी बाहेर पडता येत नाही.

परत तुमच्या घरी येते. कायद्याने लाल कानाचं कासव पाळायला सध्या मनाई नाही, कारण ते आपलं वन्य कासव नाही. आफ्रिकेतल्या सल्काटासारखी इतर परदेशी कासवं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी मात्र नोंदणी झाली आहे का ते बघावं. वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या जातींसाठी २०२४ च्या नियमांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली आहे.

तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास पाण्याचा होतोय आणि तो सुटण्यासारखा आहे. पाठीच्या दर सेंटिमीटरमागे साधारण १५ लिटर पाणी धरा. म्हणजे २५ सेंटिमीटरच्या मादीला पावणेचारशे लिटर. एवढी काचेची टाकी महाग पडते, म्हणून मी लोकांना फायबरचा किंवा जाड प्लास्टिकचा मोठा हौद घ्यायला सांगते, गॅलरीत किंवा गच्चीवर सावलीचा एक कोपरा ठेवून. चांगला बाहेरचा फिल्टर लावा, टाकीला लागतो त्याच्या दुप्पट क्षमतेचा. दर दोन दिवसांनी सगळं पाणी बदलण्याऐवजी आठवड्याला चौथा हिस्सा बदला. वास निम्म्याहून कमी होईल. खाणं वेगळ्या टबात घातलंत तर आणखी कमी.

हौद गच्चीवर असेल आणि त्यावर रोज थेट ऊन येत असेल तर दिव्याची गरज नाही. घरात असेल तर यूव्हीबी दिवा हवाच, आणि तो प्रकाश देत राहिला तरी वर्षभरात बदलावा, कारण उपयोगाचे किरण आधी संपतात. पूर्ण अंग कोरडं होईल असा एक ओटा द्या. मोठ्या कासवाला भाज्या जास्त द्या: माठ, शेवग्याचा पाला, लाल भोपळा. दुकानातल्या गोळ्या आठवड्यातून दोन-तीनदा. पालक रोज नको. पोळी, भात, बिस्किट, फरसाण कधीच नको. टाकीत समुद्रफेणीचा तुकडा टाकून ठेवा.

घरात लहान मुलं येत असतील तर एक काळजी घ्या. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात, निरोगी कासवाच्याही. अमेरिकेत मुलं आजारी पडायला लागली म्हणून १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आली, ती आजही आहे. हात साबणाने धुवा, हौदाचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका.

खरंच सांभाळणं शक्य नसेल तर? ते मान्य करण्यात कमीपणा नाही. प्राणिसंग्रहालयं ही कासवं सहसा घेत नाहीत, त्यांच्याकडे आधीच पुष्कळ असतात. शहरातल्या प्राणी बचाव संस्थांना विचारा, जागा असेल तर काही घेतात. ओळखीतल्या कुणाला देणार असाल तर जागा स्वतः बघून या. फार्महाऊसच्या किंवा हॉटेलच्या तळ्याबद्दल एकच प्रश्न विचारा: पावसाळ्यात हे तळं भरून ओढ्याला जातं का? जात असेल तर तिथे देणं म्हणजे नदीत सोडणंच. सिमेंटची, सगळीकडून गुळगुळीत आणि वर आत वळलेल्या कडेची भिंत असेल तर चालेल. कासव चांगलं चढतं. आणि ज्याने तुम्हाला विकलं त्या दुकानाला परत देऊ नका, ते आणखी कुणाच्या तरी मुलाच्या हातात जाईल.

आजच्या आज करण्यासारखं एवढंच: एका खोल टबमध्ये वाळू आणि माती निम्मी-निम्मी घ्या, थर फूटभर खोल आणि मूठ दाबली की गोळा होईल इतकी ओली. संध्याकाळी कासवाला त्यात ठेवा, वर सावली करा आणि दोन-तीन तास तिच्याकडे कुणी बघायला जाऊ नका. काही दिवस रोज करा. ती खणायला लागली तर अजिबात हात लावू नका. अंडी घातली आणि ती आजवर एकटीच राहिलेली असेल तर ती अंडी फलित नसतात, टाकून द्या. नर सोबत होता अशी थोडीही शंका असेल तर त्याच दिवशी अंडी फ्रीजरमध्ये ठेवा आणि दोन दिवसांनी कचऱ्यात द्या.